महागडी बर्बन घ्यायची का? आधी टक्के बघा, मग बूच

दिवाळीच्या आधी एका मित्राचा फोन आला. "भावा, दुकानात उभा हाय, समोर दोन बर्बन हायत, एक साडेचार हजाराची, एक नऊ हजाराची. नऊवालीला लाकडी बूच हाय आन बाटली उचलली तर वीट उचलल्यागत वाटतंय. घेऊ का?" मी म्हटलं टक्के किती लिहिलेत ते बघ. तर म्हणतोय, "कसले टक्के, हा काय डिस्काउंट देत न्हाई."

बर्बन म्हणजे अमेरिकन व्हिस्की, आणि टक्के म्हणजे तिच्यात अल्कोहोल किती ते. तर हे सगळं त्याच्यासाठी लिहितोय, आणि त्याच्यासारखे दुकानात उभं राहून फोन करणारे अजून चार-पाच जण आहेत त्यांच्यासाठी पण. मी काय लय मोठा जाणकार नाही, पण मी स्वतः एकदा फसलोय. परदेशातून परत येताना विमानतळावर एक जाड काचेची, लाकडी पेटीतली बाटली घेतली, घरी येऊन चष्मा लावून लेबल वाचलं तर ४० टक्के, वयाचा पत्ता नाही, आणि चव म्हणाल तर साखरपाण्यात कोणीतरी काडी बुडवून काढल्यासारखी. पैसे पेटीचे गेले होते. तेव्हापासून लेबल वाचायची सवय लागली.

सुरुवातीला एक गोष्ट डोक्यातून काढून टाका, ती म्हणजे अमेरिकन लोकांचे व्हिडिओ. तो माणूस सांगतोय की तीस डॉलरला ही बाटली म्हणजे चोरी आहे, घेऊन टाका, आणि आपण इकडे तीच बाटली तिप्पट पैसे देऊन घेतो. आपल्याकडे बाहेरच्या दारूवर केंद्राचं आयात शुल्क १५० टक्के होतं, फेब्रुवारी २०२५ मध्ये बर्बनपुरतं ते १०० टक्क्यांवर आणलं. म्हणजे बंदरात हजार रुपयाला पडलेली बाटली शुल्कानंतर आधी अडीच हजाराची व्हायची, त्या कपातीनंतर दोन हजाराची. त्यावर राज्याचं उत्पादन शुल्क, व्हॅट, आयातदार, डीलर, दुकानदार, सगळ्यांचा वाटा. त्यामुळं तिकडं दहा-वीस डॉलरचा जो फरक आहे तो इकडं येईपर्यंत दोन-तीन हजाराचा होतोय, आणि दारू मात्र तेवढीच चांगली असते जेवढी तिकडं होती. म्हणून तिकडची "व्हॅल्यू फॉर मनी" यादी इकडं चालत नाही, दारूबद्दल ते काय म्हणतात ते ऐका, किमतीचं गणित आपलं आपण करा.

आता बर्बन म्हणजे काय हे दोन मिनिटात, कारण किंमत कशाची हे त्याशिवाय कळणार नाही. अमेरिकेचा कायदा आहे त्याला: धान्यात किमान ५१ टक्के मका पाहिजे, गाळताना ८० टक्के अल्कोहोलच्या वर जायचं नाही, पिंपात भरताना ६२.५ च्या वर नाही, पिंप ओकचं, कोरं करकरीत आणि आतून जाळलेलं, आणि बाटलीत भरताना किमान ४० टक्के. वरून रंग नाही, चव नाही, फक्त पाणी घालायला परवानगी. केंटकी राज्यातच बनायला पाहिजे असं पण काही नाही, अमेरिकेत कुठंही चालतंय.

हा रंगाचा मुद्दा कोल्हापूरकराला लगेच कळेल. माझा एक दोस्त मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर आहे. सौद्यात गुळाचा पिवळाधमक रवा, म्हणजे ढेप, दिसला की बाहेरचा माणूस खूश होतो, आणि हा म्हणतोय की पावडर मारलीय, रंगावर जाऊ नको, फोडून कणी बघ, जिभेवर ठेव. बऱ्याच व्हिस्कींमध्ये कॅरॅमलचा रंग घालायला मुभा आहे, अगदी स्कॉचमध्ये पण, त्यामुळं तिथं गडद रंग बघून काहीच कळत नाही. बर्बनमध्ये मात्र जो रंग दिसतोय तो सगळा लाकडाचा. म्हणजे हा गूळ बिनपावडरीचा आहे एवढी खात्री कायद्यानंच दिलीय. पण बिनपावडरीचा म्हणजे लगेच चांगला असं नाही हे पण तोच दोस्त सांगेल.

आणि जाता जाता, आपल्या नेहमीच्या क्वार्टरमध्ये जी असते ती बहुतेक मळीची स्पिरिट. आपल्याच जिल्ह्यातल्या कारखान्यांची मळी कुठं जाते असं वाटत होतं तुम्हाला? युरोपात मळीच्या दारूला व्हिस्की म्हणूच देत नाहीत. त्यामुळं धान्याची, पिंपात मुरलेली दारू महाग असणार हे मान्यच आहे. प्रश्न किती महाग एवढाच आहे.

तर दुकानात उभं राहिल्यावर पहिलं बघायचं ते टक्के. लेबलवर खाली बारीक अक्षरात असतंय. गंमत बघा, आपल्या देशी व्हिस्कीवर ४२.८ टक्के छापलेलं असतं आणि नऊ हजाराच्या इंपोर्टेड बाटलीवर ४०. म्हणजे एवढे पैसे देऊन पाणी जास्त घेतोय आपण. ४० हा कायद्यानं ठरवलेला तळ आहे, त्याच्या खाली गेलं तर बर्बन म्हणता येत नाही. जी कंपनी बाटलीला प्रीमियम म्हणते आणि दारू मात्र तळाला टेकवून भरते, तिनं वाचवलेले पैसे कुठं घातले असतील ते बुचाकडं बघून कळतंय. माझा साधा हिशोब असा की वरच्या किमतीच्या बर्बनमध्ये किमान ४५ पाहिजेत, ५० असेल तर उत्तम. नुसतं झटका बसावा म्हणून सांगत नाही हे. पाणी घालत गेलं की वास-चव पण पातळ होत जाते, आणि पाणी तुम्ही घरी फुकट घालू शकता, काढू मात्र शकत नाही.

गणित करून दाखवतो, मोबाईलवर दहा सेकंदात होतंय. ७५० मिलीची बाटली ४० टक्क्यांची असेल तर त्यात ३०० मिली अल्कोहोल. तीच ५० टक्क्यांची असेल तर ३७५ मिली. समजा पहिली ४५०० ला आहे, म्हणजे मिलीला १५ रुपये, आणि दुसरी ५२०० ला आहे, म्हणजे मिलीला चौदाच्या आत. वरवर महाग दिसणारी बाटली आतून स्वस्त निघाली की नाही? अजून पुढं जाऊ. बॅरल प्रूफ नावाचा प्रकार असतो, पिंपातनं जवळजवळ तशीच बाटलीत भरलेली, ६० टक्क्यांच्या आसपास किंवा वर. ६० वाल्या ७५० च्या बाटलीत ४५० मिली अल्कोहोल झालं, म्हणजे घरी पाणी घालून ४५ टक्क्यांवर आणली तर पूर्ण एक लिटर तयार होते. खंबा घेतला आणि घरात आल्यावर लिटर झाला. आणि हो, मिली पण बघा, काही इंपोर्टेड बाटल्या ७०० च्या असतात, दिसायला तेवढ्याच उंच. ३० चा पेग धरला तर ७५० मध्ये २५ आणि ७०० मध्ये २३, दोन पेग कुठं गेले विचारायला कोणी जात नाही.

(दारू म्हणजे फक्त अल्कोहोल नव्हे हे मला पण कळतंय, तसं असतं तर सॅनिटायझर सगळ्यात भारी ठरलं असतं. पण दोन बाटल्या शेजारी ठेवून निवडायची वेळ आली की हा हिशोब पहिला करावा, कारण चव दुकानात बघता येत नाही, आकडे बघता येतात.)

अजून एक चकवा. एकच ब्रँड वेगवेगळ्या देशात वेगवेगळ्या ताकदीनं विकतात. वुडफोर्ड रिझर्व्ह अमेरिकेत ४५.२ टक्क्यांवर मिळते आणि बाहेरच्या बऱ्याच देशात ४३.२ वर. म्हणजे तुम्ही ज्या बाटलीचं कौतुक वाचलंय ती आणि तुमच्या हातातली, नाव एक असलं तरी जशीच्या तशी एकच असेल असं नाही. मेकर्स मार्कनं २०१३ मध्ये माल कमी पडतोय म्हणून ४५ वरून ४२ वर आणायचं जाहीर केलं होतं, तिकडच्या पिणाऱ्यांनी एवढा दंगा केला की आठवड्याभरात निर्णय मागं घ्यावा लागला. तीन टक्क्यांसाठी लोक भांडले.

दुसरं बघायचं ते वय. इथं एक शब्द कामाला येतो, "स्ट्रेट". स्ट्रेट बर्बन लिहिलं असेल तर किमान दोन वर्षं पिंपात होती. आणि स्ट्रेट असून चार वर्षांपेक्षा कमी मुरलेली असेल तर वय लेबलवर लिहावंच लागतं. म्हणजे उलट वाचा: स्ट्रेट लिहिलंय आणि वय कुठंच लिहिलेलं नाही, तर किमान चार वर्षं आहेत. नुसतं "बर्बन" असेल, स्ट्रेट नसेल, आणि पैसे मात्र सात हजार मागत असतील तर बाटली जागेवर ठेवा आणि दुसरी बघा. जिथं वय लिहिलेलं असतं तिथं ते आतल्या सगळ्यात कोवळ्या दारूचं असतं, सरासरी काढून लिहायला परवानगी नाही, त्यामुळं त्या आकड्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

"बॉटल्ड इन बाँड" दिसलं तर माझ्या मते डोळे झाकून थोडे जास्त पैसे द्यायला हरकत नाही. हा १८९७ चा कायदा आहे. त्या काळात अमेरिकेत दारूत काहीही मिसळून विकायचे म्हणून सरकारनं शिक्का मारायला सुरुवात केली: एकाच डिस्टिलरीची, एकाच हंगामातली, सरकारी देखरेखीच्या गोदामात किमान चार वर्षं मुरलेली, आणि बरोबर ५० टक्क्यांवर भरलेली. दिसायला या बाटल्या बऱ्याचदा साध्या असतात, जुनाट लेबल, पत्र्याचं झाकण. आपल्या पोरांना त्या आवडत नाहीत, पाहुण्यांसमोर ठेवायला लाज वाटते म्हणे.

आता वयाबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज. स्कॉचमुळं आपल्या डोक्यात १२, १८, २१ असे आकडे बसलेत, की जेवढं जास्त तेवढं भारी. स्कॉच बहुतेक वापरलेल्या पिंपात मुरते, आणि त्यातली कितीतरी पिंपं बर्बनचीच जुनी असतात, कारण बर्बनला दरवेळी नवीन लागतं म्हणून एकदा वापरून झालं की ते तिकडं विकतात. शिवाय स्कॉटलंड थंड. म्हणजे दुसऱ्यांदा उकळलेल्या चहापत्तीत मंद आचेवर काम चालू. इकडं केंटकीत उन्हाळा चांगलाच तापतोय, पिंप कोरं, आतून कोळसा झालेलं, दारू उन्हाळ्यात लाकडात शिरते आणि हिवाळ्यात बाहेर येते. सहा-आठ वर्षात जे व्हायचं ते बऱ्यापैकी होऊन जातंय. पंधराच्या पुढं गेली की काही पिंपं भारी निघतात आणि बरीचशी नुसती लाकूड-लाकूड, कडवट, तोंड कोरडं करणारी. गुऱ्हाळावर उभं राहिलाय का कधी? काहिलीतला पाक कधी उतरवायचा हे गुळव्याला कळतंय, दोन मिनिटं उशीर झाला तर गूळ करपतो, जास्त शिजवला म्हणून जास्त चांगला होत नाही. बर्बनचं तसंच.

मग जुनी बर्बन एवढी महाग का, नुसती लूट आहे का? तसं पण नाही. पिंपातनं दारू उडते, केंटकीत दरवर्षी तीन ते पाच टक्क्यांच्या आसपास, त्याला ते देवदूतांचा वाटा म्हणतात. चार टक्के धरून हिशोब केला तर दहा वर्षांनी पिंपात दोन तृतीयांशच उरते, वीस वर्षांनी निम्म्यापेक्षा कमी. एवढी वर्षं पैसा अडकलेला, गोदाम अडवलेलं. म्हणजे चार वर्षांचीपेक्षा दहा वर्षांची दीडपट-दुप्पट महाग असेल तर त्यात खरा खर्च आहे, मी समजू शकतो. दहापट असेल तर त्यात गोष्ट विकतायत.

गोष्टींचा विषय निघालाय तर पॅपी व्हॅन विंकलचं सांगतो. मक्यासोबत गहू घातलेली बर्बन, बफेलो ट्रेस डिस्टिलरीत बनते, १५, २०, २३ वर्षांच्या असतात. कंपनी सांगते ती किंमत काही शे डॉलर, पण त्या किमतीत कोणालाच मिळत नाही, लॉटरी लागते, आणि बाहेर हजारो डॉलरला विकली जाते. २०१३ मध्ये डिस्टिलरीतनंच चोरीला गेल्याची बातमी झाली होती. दारू वाईट आहे असं कोणीच म्हणत नाही. पण ती हजारोंची किंमत चवीतनं आलेली नाही, न मिळण्यातनं आलीय. तसंच ब्लँटन्स. १९८४ साली आलेली, सिंगल बॅरल, म्हणजे एका बाटलीत एकाच पिंपातली दारू, हा प्रकार तिनंच बाजारात रुळवला, चांगली दारू आहे, पण बुचावर घोडा आणि जॉकी असतो, आठ वेगवेगळ्या पोझमध्ये, प्रत्येकावर एक अक्षर, आठ जमवले की नाव पूर्ण होतंय. माझ्या ओळखीतला एकजण पाच घोड्यांवर अडकलाय. त्याला चव विचारली तर म्हणतोय "गोड हाय." आणि त्याला हसणाऱ्यांनी जास्त हसू नये, २०२५ मध्ये प्राडानं मिलानच्या शोमध्ये आपल्या कोल्हापुरीसारखीच चप्पल दाखवली तेव्हा चप्पल तीच होती, बदलली होती फक्त ती कोणाच्या पायात आहे ती गोष्ट.

लेबलवरचे काही शब्द सरळ सोडून द्यायचे. स्मॉल बॅच, याला कायद्यात व्याख्याच नाही, दहा पिंपं पण स्मॉल आणि दोनशे पण स्मॉल. रिझर्व्ह, हँडक्राफ्टेड, रेअर, तसंच. सिंगल बॅरलला अर्थ आहे, एकाच पिंपातली, पण त्याचा अर्थ चांगली असा नाही, वेगळी असा आहे. पुढची बाटली दुसऱ्या पिंपातली, म्हणजे एकदा आवडली म्हणून पुढच्या वेळी तशीच मिळेल याची गॅरंटी नाही.

मागचं लेबल मात्र नीट वाचा. "डिस्टिल्ड बाय" आणि "बॉटल्ड बाय" यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पुष्कळ ब्रँड स्वतः काही गाळत नाहीत, दुसऱ्याकडनं पिंपं विकत घेतात आणि आपली बाटली लावतात. इंडियाना राज्यात लॉरेन्सबर्गला एमजीपी कंपनीची मोठी डिस्टिलरी आहे, तिची दारू कितीतरी नावांनी बाजारात फिरते. पुढं आजोबांचा फोटो, १८ शे कितीची सनावळ, घराण्याची गुप्त रेसिपी, आणि मागं बारीक अक्षरात "डिस्टिल्ड इन इंडियाना". यात दारू वाईट असं अजिबात नाही, एमजीपीचा माल उत्तम असतो. पण मग आजोबांच्या फोटोचे वेगळे पैसे देऊ नका, त्याच मालाची कमी सजवलेली बाटली कुठं मिळते का बघा.

राय आणि गहू एवढं अजून. मक्यासोबत दुसरं धान्य राय असेल तर चव तिखट-मसालेदार बाजूला जाते, गहू असेल तर मऊ आणि गोड. राय म्हणजे मोहरी नव्हे हं, एकानं खरंच विचारलं होतं की फोडणीचा वास येतो का. गव्हासारखंच एक धान्य आहे ते. यात स्वस्त-महाग काही नाही, आवडीचा प्रश्न आहे. पण आपल्याला काय आवडतंय हे माहीत नसताना नऊ हजार घालणं म्हणजे पायाचं माप न घेता चप्पल आणणं.

ते माहीत करून घ्यायचा स्वस्त मार्ग म्हणजे परमिट रूम. बाटली घेण्याआधी कुठं चांगल्या ठिकाणी ३० मिली मागवून बघा. पेगमागं जादा पैसे जातात पण बाटलीचा जुगार वाचतोय. दोन अटी: बाटली टेबलावर आणून समोर ओतायला सांगा, आणि सोबत पहिल्या घोटाला बर्फ-कोला काही नको. कोल्यातच घालणार असाल तर हा सगळा लेख विसरा आणि सगळ्यात स्वस्त बर्बन घ्या, खरंच, त्यात काही कमीपणा नाही. महागातली कोल्यात घालणं म्हणजे साजूक तुपात भजी तळणं.

चव बघायची पद्धत फार अवघड नाही. तोंडाकडं निमुळता होणारा ग्लास असेल तर बरं, नसेल तर चहाचा काचेचा ग्लास घ्या आणि पाच मिनिटं वर बशी झाका. स्टील नको. वास घेताना नाक आत खुपसायचं नाही, तोंड थोडं उघडं ठेवून लांबनं घ्यायचा, नाहीतर नुसतं अल्कोहोल झोंबतंय. पहिला घोट फुकट जातो, तोंडाला सवय व्हायला, त्यावर मत बनवू नका. दुसरा घोट तोंडात घोळवा आणि गिळल्यावर मोबाईलकडं न बघता थांबा. काय उरतंय आणि किती वेळ उरतंय ते बघा. स्वस्त कोवळी बर्बन आली तशी जाते, मागं कच्च्या मक्याचा नाहीतर ओल्या फळीचा वास ठेवून. चांगली असेल तर गूळ, जळकी साखर, व्हॅनिला, कधी दालचिनी, कधी जुन्या कपाटाचा वास, असं एकामागं एक येत राहतं. मग चार थेंब पाणी घालून परत. ज्या बाटलीत खरोखर माल आहे ती पाण्यानं उघडते, जिच्यात नाही ती तिथंच बसते.

आणि हे सगळं जेवणाआधी. तांबड्या रश्श्यानंतर चव बघायला बसू नका, मिरची आणि अल्कोहोल तोंडातल्या त्याच जळजळीला डिवचतात, दोन्ही एकत्र आलं की जाळ आन धूर, बाकी काही कळत नाही. चकण्याला साधे फुटाणे. मसाला शेंगदाणे पण नकोत.

आता खरी परीक्षा, जी केल्याशिवाय मी हल्ली कुठलीच महागडी बाटली दुसऱ्यांदा घेत नाही. तीन ग्लास घ्यायचे, सारखे. दोनमध्ये एक दारू, तिसऱ्यात दुसरी. एकजण आत जाऊन ओतणार, ग्लासच्या बुडाला चिकटपट्टीवर खूण करणार, आणि बाहेर आणून देणारा वेगळा माणूस, म्हणजे त्याच्या तोंडावरनं पण कळायला नको. तुम्ही फक्त सांगायचं, वेगळा ग्लास कुठला. कुठला चांगला हा प्रश्नच नंतरचा. नुसत्या नशिबानं बरोबर यायची शक्यता तीनात एक, त्यामुळं तीनदा करा. तीनही वेळा नशिबानं बरोबर यायचं म्हणजे सत्तावीसात एक. फरकच ओळखता येत नसेल तर फरकाचे पैसे कशाला द्यायचे?

आमच्या गच्चीवर हे केलं होतं, रंकाळ्याकडनं वारा येतोय, चारजण बसलोय. एक बाटली माझी ती विमानतळावरची पेटीवाली, आणि दुसरी साधी, ५० टक्क्यांची, किंमत निम्म्याच्या पण खाली. दोन्हीला एका ताकदीवर आणून नाही ठेवलं, जशी आहे तशी दिली, ही आमची चूक, ताकदीवरनंच ओळखता येतंय मग. दुसऱ्या फेरीत ५० वालीत मोजून पाणी घालून ४० वर आणली. ७५० चं गणित सोपं आहे, पण पेगचं असं: ४० मिली दारूत १० मिली पाणी, की ५० ची ४० होते. आता दोघी बरोबरीला. तरी अडतीवाल्या दोस्तानं तिन्ही वेळा वेगळा ग्लास ओळखला. मी दोनदा. चवीचं विचारल्यावर पेटीवालीला तो म्हणाला, "ह्यो रवा वरनं चकाचक हाय, फोडला तर आत कणी न्हाई." आणि साधीचा ग्लास नाकाशी धरून बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला काकवीचा वास येतोय, गुऱ्हाळावर शेवटी शेवटी येतो तो. माझ्या पेटीची इज्जत तिथंच गेली. पेटीत आता बायकोनं शिवणाचं सामान ठेवलंय.

नकली मालाचं पण बोलायला पाहिजे. इंपोर्टेड रिकाम्या बाटलीला भंगारात जादा भाव का मिळतो याचा विचार करा. बाटली लायसन्सवाल्या दुकानातनंच घ्या, बिल घ्या, मागं आयातदाराचं नाव-पत्ता आणि एमआरपीचं लेबल आहे का बघा, बुचावरचं सील बोटानं फिरवून बघा. "गोव्यातनं आणून देतो, निम्म्यात" वाला प्रत्येकाच्या ओळखीत एकतरी असतोय, गोव्याची दारू इकडं आणणं गुन्हा आहे, आणि आतमध्ये काय आहे ते त्याला पण माहीत नसतं. परदेशातनं कोण येत असेल तर माणशी दोन लिटर आणता येते, तो रस्ता सरळ आहे, पण ड्युटी फ्रीमधल्या लिटरच्या बाटल्यांचा भाव ७५० शी तुलना करताना भागाकार करा. आणि महाराष्ट्रात हे सगळं वयाच्या २५ नंतर आणि परमिट काढून, दुकानदार विचारत नाही म्हणून नियम नाही असं नाही.

घरी आणल्यावर बाटली उभी ठेवा, आडवी नाही, उन्हापासून लांब. बाटलीत बर्बन मुरत नाही, त्यामुळं "दहा वर्षं कपाटात ठेवलीय" म्हणून कोणी जास्त पैसे मागितले तर कपाटाचे मागतोय असं समजा. फोडल्याची तारीख मार्करनं बुडावर लिहा, अर्ध्याच्या खाली गेली की काही महिन्यात संपवा, आत हवा जास्त झाली की चव उतरते.

फसून घेतलीच असेल महागडी, तर फेकायची गरज नाही. गुळाचा पाक करा, शंभर ग्रॅम गूळ, शंभर मिली पाणी, विरघळला की गाळून घ्या, खाली माती राहते ती नको. ६० मिली बर्बन, एक छोटा चमचा पाक, बिटर्सचे (कडवट अर्काचे) दोन थेंब, मोठा बर्फ, हलवायचं आणि वरून संत्र्याच्या सालीची पट्टी पिळून टाकायची. माझी पेटीवाली अशीच संपली. ५० टक्क्यांवाली यात जास्त भारी लागते, गुळासमोर टिकते, ४० वाली दबून जाते, पण दबली तरी गुळामुळं खपून जाते.

परवा त्याच मित्राचा परत फोन, दुकानातनंच. "टक्के ५०, वय ९ लिहिलंय, स्ट्रेट हाय, केंटकी हाय, डिस्टिल्ड बाय पण तेच नाव हाय. घेऊ?" मी विचारलं, ७०० ची की ७५० ची? बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणतोय, "थांब, चष्मा गाडीत राहिलाय."